हिरडीवरून फिरणारी पट्टी : एचआयव्हीच्या मौखिक चाचणीचा इतिहास, सेवाग्राम ते कमानिया गेट



२००६ साली, नऊ महिन्यांच्या अवधीत, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या रुग्णालयात प्रसूतीसाठी दाखल झालेल्या १,२५२ स्त्रियांना एक प्रश्न विचारण्यात आला : तुमची एचआयव्हीची चाचणी करू का? त्यांपैकी १,२२२ स्त्रियांनी, म्हणजे शंभरांतील ९८ जणींनी, होकार दिला. बहुतेकींकडे पूर्वीच्या चाचणीचा अहवालच नव्हता, किंवा असलाच तर अपुरा होता. अशा स्त्रियांची संख्या १,००३ होती. चाचणी केलेल्यांपैकी १५ जणींना संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले. चौघींना ते आधीच ठाऊक होते. उरलेल्या ११ जणींना ते प्रसूतीच्या वेळीच कळले.

या चाचणीत दंडातून काढलेल्या रक्ताच्या आणि बोटाच्या टोकावरील थेंबाच्या जोडीला आणखी एक नमुना घेतला गेला होता. एक चपटी पट्टी हिरड्यांवरून एकदा फिरवायची, द्रावणात बुडवायची आणि वीस मिनिटांनी रेघा मोजायच्या. सुई नाही, रक्त नाही. आज जगात ‘मौखिक एचआयव्ही चाचणी’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच. तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पान विदर्भातील एका खेड्यात लिहिले गेले, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नाही. शिवाय ज्या प्रश्नाशी तो अभ्यास झुंजत होता, तो आजही सुटलेला नाही. चाचणी सोपी झाली म्हणून माणसे ती करून घेतात का?

पट्टी नेमके काय शोधते?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो. ही पट्टी तोंडात विषाणू शोधत नाही. ती शोधते प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने स्वतः तयार केलेली प्रथिने. हिरडी आणि दात यांच्या सांध्यातून, तसेच गालाच्या आतील अस्तरातून रक्तद्रवाचा अत्यल्प अंश सतत पाझरत असतो. त्याच्यासोबत रक्तातील प्रतिपिंडेही तोंडात उतरतात. रक्ताच्या तुलनेत त्यांचे प्रमाण शेकडो पटींनी कमी असते. पण चाचणी पुरेशी संवेदनक्षम असेल तर तेवढेही पुरते. म्हणूनच पट्टी जिभेवर ठेवायची नसते, थुंकीत बुडवायची नसते. ती वरच्या आणि खालच्या हिरड्यांच्या कडेने फिरवायची असते.

पुढची क्रिया भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोहविणारी आहे. दिव्याच्या वातीत तेल ज्या केशाकर्षणाने चढते, त्याच केशाकर्षणाने द्रावण नायट्रोसेल्युलोजच्या सच्छिद्र पडद्यातून वर सरकते. हे सरकणे आरंभी वेगाने आणि मग मंद होत जाते. कापलेले अंतर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वीस मिनिटे थांबण्याच्या सूचनेमागे हा संथपणा आहे आणि प्रतिपिंडांना आपल्या जागी चिकटण्यासाठी लागणारा वेळही आहे. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्यांवर प्रतिपिंडांना पकडणारे प्रथिन बसविलेले असते. पुढे एका आडव्या रेषेवर विषाणूच्या प्रथिनाचा कृत्रिम तुकडा रोवलेला असतो. द्रवात एचआयव्हीची प्रतिपिंडे असतील तर ती सोन्याच्या कणांसह त्या रेषेवर अडकतात आणि तेथे तांबूस रेघ उमटते. सोने आणि तांबूस? होय. कण काही दशांश नॅनोमीटर नव्हे, तर काही दशक नॅनोमीटर आकाराचे असले की त्यांतील इलेक्ट्रॉनांचे सामूहिक आंदोलन हिरवा प्रकाश शोषून घेते आणि सोने लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली सोन्याच्या अशाच लाल द्रावणाचा अभ्यास केला होता. दुसरी रेघ नियंत्रणाची. ती उमटली नाही तर चाचणीच बाद.

गर्भधारणेची घरगुती चाचणी याच तत्त्वावर चालते, आणि कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेली प्रतिजन चाचणीही. तंत्र ओळखीचे आहे. अनोळखी आहे ती एचआयव्हीच्या बाबतीत त्या रेघेभोवती जमणारी भीती.

चाचणी जेव्हा सापळा वाटे

एचआयव्हीची पहिली रक्तचाचणी अमेरिकेत १९८५ साली मान्य झाली. भारतात हा संसर्ग सर्वप्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी जमविलेल्या नमुन्यांतून ते उघड झाले. त्या काळी औषध नव्हते. चाचणीचा निकाल हातात आला तरी वैद्यकाकडे देण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि समाजाकडे देण्यासारखी होती ती बहुधा शिक्षाच.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीतून त्याला संसर्ग असल्याचे दिसले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि गोव्याच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य कायद्यातील विलगीकरणाच्या तरतुदीखाली ६४ दिवस क्षयरोग्यांच्या एका जुन्या आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवले. गुन्हा काही नव्हता; रक्त दिले एवढेच. त्याच्या आईने, लूसी डिसोझा यांनी, न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, पण १९९० साली मुंबई उच्च न्यायालयाने विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ साली त्याचे निधन झाले.

त्याच १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, अस्तित्वात आली आणि पुण्याच्या भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. विज्ञानाची बाजू उभी राहू लागली. पण लोकांच्या मनात चाचणीची पहिली प्रतिमा वेगळ्याच घटनांनी घडविली होती. चाचणी म्हणजे नाव नोंदले जाणे, नोकरी जाणे, गावात बोभाटा होणे. ही भीती अज्ञानातून आलेली होती असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. लोकांनी जे पाहिले होते, त्यातून काढलेला तो बराचसा योग्य निष्कर्ष होता. मौखिक चाचणीला याच मनोभूमीत पाऊल टाकायचे होते.

अमेरिकेत तोंडातील द्रव गोळा करून प्रयोगशाळेकडे पाठविण्याच्या साधनाला १९९४ साली मान्यता मिळाली. बोटाच्या थेंबावर चालणारी ‘ओराक्विक’ ही शीघ्र चाचणी २००२ साली मान्य झाली आणि तिचा तोंडातील द्रवासाठीचा वापर २००४ साली. अवघ्या दोन-अडीच वर्षांत ती पट्टी सेवाग्रामला पोहोचली.

सेवाग्रामचे दोन अभ्यास

सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचे रुग्णालय कस्तुरबांच्या नावाने ओळखले जाते. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकरी व शेतमजूर कुटुंबे येथे येतात. मौखिक चाचणी महानगरातील सुसज्ज प्रयोगशाळेत न तपासता ग्रामीण रुग्णालयात तपासावी, हा विचार डॉ. नितिका पंत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणला. त्यांत सेवाग्रामचे डॉ. एस. पी. कलंत्री, डॉ. शकुंतला छाब्रा आदी मंडळी होती.

पहिल्या अभ्यासाचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. संसर्गाची शंका असलेल्या ४५० व्यक्तींची मौखिक व बोटाच्या थेंबाची, अशा दोन्ही चाचण्या करून त्यांची तुलना एलायझा आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रमाणित चाचण्यांशी करण्यात आली. १४६ जण बाधित निघाले. मौखिक चाचणीने त्या सर्वांना अचूक ओळखले आणि एकाही निरोगी माणसाला बाधित ठरविले नाही. बोटाच्या थेंबाच्या चाचणीची विशिष्टता त्याहून किंचित कमी, ९९.७ टक्के, भरली.

या अभ्यासात लोकांना त्यांची पसंतीही विचारली होती, आणि माझ्या मते त्यातील हा भाग अचूकतेच्या आकड्यांइतकाच मोलाचा आहे. पहिल्यांदा चाचणी करायची असेल तर ८७ टक्के लोकांना मौखिक चाचणी हवी होती. पुन्हा चाचणी करायची वेळ आली तर मात्र हे प्रमाण ६० टक्क्यांवर उतरले. या उताराकडे जरा थांबून पाहावे. पहिल्या वेळी माणसाला दार हलकेच उघडणारे हवे असते. सुई नको, रक्त नको, प्रश्न थोडके हवेत. दुसऱ्या वेळी, जेव्हा निकालावर आयुष्य बेतणार असते, तेव्हा बऱ्याच जणांचे मन रक्ताकडे वळते असे दिसते. ‘रक्त खोटे बोलत नाही’ ही आपल्याकडील जुनी धारणा. सोय आणि विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे तर या दोन आकड्यांमधील अंतर सांगतेच.

दुसरा अभ्यास म्हणजे आरंभी सांगितलेला प्रसूतिकक्षाचा. त्याचा अहवाल २००८ साली आला. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याची अखेरची संधी प्रसूतीच्या वेळी असते. काहीच उपाय न केल्यास असा संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते; वेळेवर औषध दिल्यास ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. पण बाळंतपण घड्याळ पाहून येत नाही. रात्री दोन वाजता बैलगाडीतून वा जीपमधून आलेल्या बाईची चाचणी प्रयोगशाळा सकाळी उघडल्यावर करायची, तर उशीर झालेला असतो. म्हणून सेवाग्रामला चोवीस तास आणि आठवड्याचे सातही दिवस चाचणीची व समुपदेशनाची व्यवस्था ठेवण्यात आली. प्रसूतीपूर्वी थोडक्यात बोलायचे, प्रसूतीनंतर सविस्तर.

फलित असे : नव्याने निदान झालेल्या ११ जणींना वेळेत उपचार मिळाले. एकूण १५ बाधित मातांच्या बाळांपैकी १३ बाळे जन्मतः आणि पुढे पहिल्या व चौथ्या महिन्यातील तपासणीतही संसर्गमुक्त होती. दोन बाळे बाधित होती आणि ती महिन्याभरातच दगावली. एका स्त्रीच्या बाबतीत मौखिक आणि बोटाची, अशा दोन्ही शीघ्र चाचण्या चुकल्या. संसर्ग असूनही रेघ उमटली नाही.

९८ टक्के होकाराचे श्रेय कोणाला द्यायचे? पट्टीला दिले तर हिशेब जुळत नाही, कारण याच अभ्यासात त्याच स्त्रियांनी बोटाला टोचूनही घेतले आणि दंडातून रक्तही दिले. सुई टळली म्हणून त्या हो म्हणाल्या, असे म्हणता येणार नाही. मध्यरात्रीही त्यांच्याशी बोलायला कोणी तरी होते, निकाल लगेच मिळणार होता आणि निकालापाठोपाठ बाळाला वाचविणारा उपाय तयार होता. माझ्या समजुतीप्रमाणे होकाराची खरी कारणे ही आहेत. त्याच वेळी हेही प्रांजळपणे नोंदवायला हवे की कळा सोसणाऱ्या स्त्रीची संमती घेणे नैतिकदृष्ट्या नाजूक असते. ‘नाही’ म्हणण्याची मुभा तिला खरोखर वाटते का, हा प्रश्न अशा प्रत्येक अभ्यासापुढे उभा राहतो. म्हणूनच नकार देणाऱ्या ३० स्त्रियाही मला महत्त्वाच्या वाटतात. नकार देता येत होता, याचा तो पुरावा आहे.

शंभर टक्क्यांच्या पलीकडचे गणित

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे कागद-पेन्सिल घ्यावी. पहिल्या अभ्यासातील शंभर टक्क्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. २०१२ साली डॉ. पंत पै आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात मांडले. त्यानुसार मौखिक चाचणीची संवेदनक्षमता ९८.०३ टक्के आणि विशिष्टता ९९.७४ टक्के आहे. रक्तावरील शीघ्र चाचणीसाठी हेच आकडे ९९.६८ आणि ९९.९१ आहेत. संवेदनक्षमता म्हणजे बाधितांपैकी किती जण अचूक पकडले गेले. विशिष्टता म्हणजे निरोगी माणसांपैकी किती जणांना बरोबर निरोगी ठरविले.

आता एक लाख लोकांची मौखिक चाचणी केली अशी कल्पना करू. भारतात प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे या लाखात २०० बाधित. त्यांपैकी सुमारे १९६ जणांची रेघ उमटेल, चौघे निसटतील. उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी ०.२६ टक्के, म्हणजे जवळजवळ २६० जणांचीही रेघ चुकून उमटेल. एकूण ४५६ रेघांपैकी खऱ्या १९६ च. ज्याची रेघ उमटली, त्याला संसर्ग असण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी!

हीच चाचणी सेवाग्रामच्या पहिल्या अभ्यासासारख्या गटात केली, जेथे शंभरांतील ३२ बाधित होते, तर चित्र पालटते. लाखात ३२,००० बाधित. त्यांपैकी सुमारे ३१,३७० पकडले जातील, आणि चुकीच्या रेघा जेमतेम १७७. तेथे उमटलेली रेघ ९९ टक्क्यांहून अधिक वेळा खरी ठरेल. पट्टी तीच, सोने तेच, केशाकर्षण तेच; बदलला तो फक्त समोरचा समाज. निकालाचा अर्थ पट्टीवर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच ती कोणाला दिली यावरही असतो. अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या नियमाचे याहून जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.

रक्ताची शीघ्र चाचणी घेतली तरी, त्याच लाखभर लोकांत, सुमारे १९९ खऱ्या रेघांबरोबर ९० खोट्या रेघा उमटतील. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एका चाचणीवर कोणालाही बाधित ठरवीत नाहीत. लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तीन निरनिराळ्या चाचण्यांचा कौल एक आल्यावरच निदान पक्के होते. मौखिक चाचणी ही चाळणी आहे. तिने थांबविलेल्या माणसाला पुढे रक्त द्यावेच लागते. हे न सांगता ‘रक्ताविना एचआयव्हीचे निदान’ अशी जाहिरात करणे म्हणजे त्या २६० निरोगी माणसांच्या घरांत विनाकारण वादळ उठविणे होय.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. अमेरिकेत २०१२ साली ही चाचणी घरी करण्यास परवानगी मिळाली. त्यापूर्वीच्या चाचणीत, सामान्य माणसांनी स्वतः पट्टी वापरली तेव्हा संवेदनक्षमता सुमारे ९२ टक्क्यांवर आली. म्हणजे दर बारा बाधितांमागे एक जण निसटला. संसर्गानंतर प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागतो. म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर तीन महिने उलटेपर्यंत रेघ न उमटणे हे अभयपत्र मानता येत नाही. जे विषाणूरोधक औषधे घेत आहेत, त्यांच्यात प्रतिपिंडांचे प्रमाण घटल्याने ही चाचणी फसू शकते. शिवाय चाचणीपूर्वी किमान पंधरा मिनिटे काही खायचे-प्यायचे वा चघळायचे नाही, अशी सूचना असते. विदर्भात खर्रा आणि महाकोशलात पान-गुटखा ज्यांच्या गालात दिवसभर असतो, त्यांच्यासाठी ही सूचना कागदावर दिसते तेवढी किरकोळ नाही.

कमानिया गेटच्या बाजारात

हे सारे मी जबलपूरच्या संदर्भात का मांडत आहे? जबलपूर आणि वर्धा ही दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, नागपूर ही त्यांची राजधानी होती. १९३९ साली जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले होते, आणि त्यांच्याशी मतभेद असलेल्या गांधीजींचे राहते ठिकाण सेवाग्राम होते. त्या अधिवेशनाची स्मृती म्हणून शहरात उभी राहिलेली वास्तू म्हणजे कमानिया गेट. आज त्याच्या आजूबाजूला सराफा, कापडाची दुकाने, गर्दी, रिक्षा आणि हाका यांचा अखंड बाजार भरतो. मराठी कुटुंबेही या शहरात पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत.

अशा जुन्या बाजारपेठेचा एक अलिखित नियम असतो : येथे कोणी अनोळखी नसतो. औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या तरुणाने काय मागितले, हे शेजारच्या दुकानदाराला कळते आणि संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. स्व-चाचणीचे सारे आकर्षण तिच्या गुप्ततेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली एचआयव्हीच्या स्व-चाचणीची शिफारस केली ती याच आशेने, की जे केंद्रात यायला धजत नाहीत ते घरी तरी चाचणी करतील. आफ्रिकेतील मलावीच्या ब्लँटायर शहरात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९२ टक्के लोकांनी मौखिक स्व-चाचणीचा पर्याय निवडला होता. पण तेथेही आधी समुपदेशन होते, आणि दहांतील एकाला पट्टी वापरताना मदत लागली. गुप्तता म्हणजे एकटेपणा नव्हे, हा त्यातील धडा.

जबलपूरच्या परिसरातच याच तंत्राचे एक यशस्वी उदाहरण आहे. शेजारच्या मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत २०१७ पासून मलेरिया निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प राबविला गेला; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा त्यात सहभाग होता. त्या परिषदेची आदिवासी आरोग्यावर काम करणारी संस्था जबलपुरातच १९८४ पासून आहे. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, रेघ पाहायची आणि तेथेच औषध द्यायचे. केशाकर्षण तेच, रेघही तशीच. मलेरियाच्या पट्टीला गावाने जागा दिली, कारण तापाला लाज चिकटलेली नाही. डास कुठे चावला, असे कोणी विचारीत नाही. एचआयव्हीच्या रेघेला मात्र लोक ताबडतोब प्रश्न विचारतात : कुठून आणलास?

आणि येथे मौखिक चाचणीची एक विचित्र अडचण उद्भवते. ‘तोंडातून एचआयव्ही कळतो’ हे वाक्य ऐकणारा माणूस सहज पुढचे पाऊल टाकतो : ‘म्हणजे एचआयव्ही तोंडात असतो, म्हणजे उष्ट्यातून पसरतो.’ ज्या समाजात उष्ट्या-खरकट्याचे नियम लहानपणापासून अंगात मुरलेले असतात, तेथे हा तर्क विजेसारखा धावतो. मग बाधित माणसाचे ताट-वाटी वेगळे होते, त्याचा पेला फडताळात निराळा ठेवला जातो. चाचणी स्वीकारली जावी म्हणून ती तोंडावर आणली, आणि तिच्याच नावाने नवी अस्पृश्यता जन्माला आली, असे होऊ शकते. वास्तविक लाळेतून, एका ताटात जेवल्याने वा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने एचआयव्ही पसरत नाही. पट्टी जे शोधते ती शरीराची ढाल आहे, शत्रू नव्हे. हे एक वाक्य प्रत्येक पट्टीच्या वेष्टनावर, लोकांच्या भाषेत आणि ठळक अक्षरांत असायला हवे, असे मला वाटते.

ही चिंता काल्पनिक नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी केवळ २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के लोकांना एचआयव्हीविषयी सर्वांगीण माहिती होती. संसर्ग कसा टळतो, निरोगी दिसणारा माणूसही बाधित असू शकतो आणि कोणते प्रचलित समज खोटे आहेत, हे सारे ठाऊक असले तरच माहिती ‘सर्वांगीण’ मानली जाते. पहिल्या रुग्णाच्या शोधानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी पाच स्त्रियांपैकी जेमतेम एकीपर्यंत हे पोहोचले आहे.

इतिहास काय सांगतो

डॉमिनिक डिसोझाच्या काळात चाचणी होती, पण औषध नव्हते आणि कायदा विरोधात होता. आज विषाणूरोधक उपचार शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. नियमित औषध घेणारा बाधित माणूस दीर्घ आयुष्य जगू शकतो, आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याच्या मर्यादेखाली गेले की लैंगिक संबंधातून त्याच्याकडून संसर्ग पसरत नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीवाचून चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त राखणे बंधनकारक आहे आणि संसर्गाच्या कारणावरून नोकरी, शिक्षण वा उपचार नाकारणे बेकायदेशीर आहे. म्हणजे चाचणीला घाबरण्याची जी वास्तविक कारणे १९८९ साली होती, त्यांतील बरीचशी कायद्याने तरी दूर केली आहेत. मात्र कायदा बदलल्याची बातमी बाजारापर्यंत पोहोचलेली नाही; भीती अजून जुन्याच कायद्याखाली जगते आहे.

म्हणून मौखिक चाचणीच्या स्वीकाराचा प्रश्न हिरडीपाशी सुटणारा नाही. सेवाग्रामने जे दाखविले ते पट्टीसोबतच्या माणसाचे महत्त्व होते : रात्री जागणारा समुपदेशक, लगेच मिळणारा निकाल, हाताशी असलेले औषध आणि नकाराचा आदर. हे चार नसतील तर पट्टी कितीही अचूक असो, ती औषधाच्या दुकानातील मांडणीवर धूळ खात राहील. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोणा एकट्या माणसाच्या हातात मध्यरात्री दोन रेघा उमटतील आणि त्याचे पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी नसेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला वा तुमच्या ओळखीतील कोणाला शंका असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. १०९७ या विनाशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते. कोणत्याही एका पट्टीवरील रेघ म्हणजे निदान नव्हे, आणि रेघ नसणे म्हणजे तीन महिन्यांच्या आतील निश्चिंती नव्हे. आणि कोणी तुम्हाला विश्वासाने आपला निकाल सांगितला, तर त्याच्याबरोबर एका ताटात जेवायला बसा. त्या जेवणाने तुम्हाला काही होणार नाही, याची ग्वाही विज्ञान देते.